विमानाचा कारखाना पाहायला गेलो होतो (आणि मामाचा बीम)

अंगणातली_चिमणी

नमस्कार मंडळी. लिहू लिहू करत बरेच दिवस गेले. परवा आमच्या शाळेत सातवीच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम विमान बनते कुठे, आणि मी तिला जे सांगायला बसली ते तास संपला तरी संपेना, म्हणून म्हटलं आता इथे लिहूनच काढते.

2019 च्या मे महिन्यात आम्ही नणंदेकडे सिएटलला गेलो होतो. तिथून चाळीसेक किलोमीटरवर एव्हरेट म्हणून गाव आहे, तिथे बोइंगचा कारखाना, आणि तो तिकीट काढून कोणालाही दाखवतात. नणंद म्हणे वहिनी आधी धबधबे पाहू, डोंगर पाहू, पण माझा मोठा (तेव्हा दहा वर्षांचा) नागपूरहून निघतानाच ठरवून निघाला होता, कारण माझा भाऊ, म्हणजे त्याचा मामा, मिहानमध्ये (नागपूरच्या विमानतळाजवळचा औद्योगिक भाग) टाटांच्या कारखान्यात आहे आणि तिथे बोइंग 787 चे फ्लोअर बीम बनतात. आपण विमानात बसतो तेव्हा पायाखाली जी जमीन असते ती ज्या आडव्या तुळयांवर बसवलेली असते त्या तुळया. कार्बन फायबरच्या. इथे खापरीच्या पलीकडे बनून त्या सातासमुद्रापार जातात हे पोराला माहीत होतं आणि त्याला तो बीम तिथे लागलेला पाहायचा होता, बस.

आधी कामाचं सांगते. मोबाईल, कॅमेरा, पर्स, काहीच आत नेऊ देत नव्हते, सगळं लॉकरमध्ये. चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना टूरवर घेत नाहीत, वय कितीही असो, उंचीची खूण लावलेली असते तिथे उभं करून पाहतात. माझी धाकटी सहा वर्षांची, ती काही चार फुटांची नव्हती, नंदावे तिला घेऊन बाहेरच्या प्रदर्शनात थांबले आणि ती इतकी रडली की मलाच आत जावंसं वाटेना. लहान लेकरं असतील तर हे घरूनच पाहून निघा. टूर दीड तासाची होती आणि मध्ये बाथरूम नाही.

मग बसनं कारखान्यात नेलं, जमिनीखालच्या लांबच लांब बोगद्यातून चालवलं, वरून जाड जाड पाईप आणि केबल गेलेल्या, मग एका भल्यामोठ्या लिफ्टनं वर, दार उघडलं आणि आम्ही गॅलरीत.

ते दृश्य मला अजून नीट सांगता येत नाही. घनफळानं ती जगातली सगळ्यात मोठी इमारत आहे, 1 कोटी 33 लाख घनमीटर, पण तो आकडा ऐकून काही कळत नाही. जमीन म्हणाल तर 98 एकर, एका छपराखाली. काटोलला माझ्या वडिलांची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे, तिच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारली तर बाबांना ऐकू येत नाही, तशा बावीस बागा एका छताखाली, आणि त्यात झाडांच्या ऐवजी विमानं.

सगळी हिरवी! पोपटी-पिवळसर हिरवी. रंग द्यायच्या आधी जो संरक्षणाचा लेप असतो तो. फक्त शेपटीचं मागचं हलणारं पान, रडर, तेवढं रंगवून आलेलं. गाईडनं कारण सांगितलं की रडरचा तोल फार नाजूक असतो, रंगाचंही वजन धरून तो तोल साधावा लागतो, म्हणून तो आधी रंगवतात, तोलतात आणि मग बसवतात. त्यामुळे अंग हिरवं आणि शेपूट कंपनीच्या रंगाची. पोरगा शेपट्या पाहून कोणतं विमान कोणाचं ते ओळखत बसला.

मला वाटलं होतं ठोकाठोकीचा आवाज असेल, डोकं उठेल. तसं काही नाही. वर छताला रुळांवर क्रेन सरकून राहिल्या होत्या, खाली माणसं तीनचाकी सायकलवरून सामान घेऊन जाऊन राहिली होती, आणि 777 ची अख्खी रांग पुढे सरकत होती पण डोळ्यांना दिसत नव्हती. मिनिटाला दीडेक इंच म्हणे. मी एका चाकाजवळची जमिनीवरची रेघ धरून ठेवली आणि दुसरीकडे पाहून पुन्हा पाहिलं तेव्हा चाक रेघेच्या पुढे गेलं होतं.

787 च्या रांगेपाशी आलो तेव्हा पोरानं कठड्याला छाती लावून विचारलं, आई मामाचा बीम कुठाय? दिसण्यासारखा नव्हताच. तिथे बॉडीचे मोठमोठे भाग आधीच तयार होऊन येतात, इटलीतून, जपानमधून, चार खास 747 विमानं फुगवून बनवली आहेत ती हे भाग पोटात घालून आणतात, आणि बीम त्यांच्या आत असतात. मी माझ्या इंग्रजीत गाईडबाईंना सांगितलं की याचा मामा नागपुरात फ्लोअर बीम बनवतो. त्या पुढचं बोलायच्या थांबल्या, आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना म्हणाल्या की हा जो मुलगा आहे ना, त्याच्या मामांनी बनवलेल्या जमिनीवर तुम्ही उभे राहून प्रवास करता. चाळीसेक अनोळखी माणसं माझ्या पोराकडे वळून पाहू लागली. तो कानापर्यंत लाल झाला आणि माझा हात त्यानं जो धरला तो बस येईपर्यंत सोडला नाही.

आता मला जे बोलायचं आहे ते. घरी आल्यावर पोरानं मामाला सगळं सांगितलं आणि मामा ऐकत राहिला. तो तेव्हा सात वर्षं ते काम करत होता आणि 787 मध्ये एकदाही बसला नव्हता. विमान जुळताना तर पाहणं दूरच. आणि नागपुरातल्या किती मुलांना माहीत आहे की इथे काय बनतं? मला वाटते आपल्याकडेही अशी एक गॅलरी पाहिजे. काचेमागून का होईना. तुम्हाला काय वाटते?

वर्धा_रोड

ताई काय लिहिलंत! वाचनखूण साठवली.

मी रोज चिंचभुवनवरून जातो, मिहानकडे पाहतो आणि पुढे जातो. एअर इंडियाच्या 777 तिथे हँगरला येतात हे माहीत होतं, ते एमआरओ (विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र) बोइंगनंच बांधून दिलेलं, 2015 पासून चालू आहे. म्हणजे एव्हरेटला ज्या रांगेत तुम्ही चाक आणि रेघ पाहिली त्याच रांगेतून निघालेली विमानं इकडे सोनेगावला, आपल्या विमानतळावर, दुरुस्तीला येऊन राहिली. हे कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं.

धरमपेठी_परदेशी

मी तुलूजला असतो (फ्रान्स), मूळचा धरमपेठचा. इथे एअरबसची टूर आहे, तीही लोकांसाठी. आधी बुकिंग करावं लागतं आणि ओळखपत्राचा तपशील आधीच द्यावा लागतो, आपल्यासारख्यांनी पासपोर्ट सोबत ठेवायचा. फोटो बंद. बाजूलाच एरोस्कोपिया म्युझियम आहे, 2015 मध्ये उघडलं, तिथे दोन काँकॉर्ड आहेत आणि तिथे हवे तेवढे फोटो काढा.

इथली गंमत वेगळी आहे. विमानाचे पंख वेल्समधून येतात, बॉडीचे भाग जर्मनीतून आणि फ्रान्सच्याच दुसऱ्या टोकाहून, शेपटीचे आडवे पंख स्पेनहून. ए380 हे दुमजली विमान बनत होतं तेव्हा त्याचे भाग इतके मोठे की एअरबसच्या बेलुगा या मालवाहू विमानातही मावत नव्हते, मग जहाजानं, मग नदीतून बार्जनं आणि शेवटी रात्री रस्त्यानं ट्रकवर आणायचे. वाटेत लेविन्याक नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या मुख्य रस्त्यातून हे ट्रक घरांच्या खिडक्यांना जेमतेम चुकवून जायचे आणि लोक खुर्च्या टाकून बघायला बसायचे. मी 2017 मध्ये एकदा गेलो होतो. एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि पंख समोरून जायला लागला तसे सगळे गप्प झाले. कोणी टाळ्या वगैरे नाही, नुसते गप्प. 2021 ला ए380 बंद झालं, आता ते ट्रकही गेले.

ताई तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. इथल्या गावच्या बेकरीवाल्यालाही माहीत आहे की कोणतं विमान कुठे जुळतं.

डाकोटा_काका

चिमणीताई, तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

मी 78 वर्षांचा आहे, सोनेगाव विमानतळाशी माझं नातं वडिलांमुळे. ते टपाल खात्यात होते. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र आपलं नागपूर, कारण देशाच्या मधोमध. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी चार विमानं निघायची आणि मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची, ज्या शहराचं टपाल त्या शहराच्या विमानात, आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. प्रवासीही असायचे, ते इथे उतरून विमान बदलायचे.

वडील मला एकदा घेऊन गेले होते. मी सातआठ वर्षांचा असेन. तेव्हा कुंपणापाशी उभं राहून पाहू देत, आजच्यासारखा बंदोबस्त नव्हता. थंडीचे दिवस, डोक्याला मफलर गुंडाळलेला. आधी एक दिवा दिसला मग दोन. वडील कानाशी सांगत होते, हे मद्रासचं, हे दिल्लीचं. हमाल थैल्या खांद्यावर घेऊन एका विमानाकडून दुसऱ्याकडे पळत होते. मला तेलाचा वास आणि ती पळापळ अजून आठवते. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की माझे वडील कामाला जातात म्हणजे काय करतात. त्याआधी ते फक्त रात्री जायचे आणि सकाळी झोपायचे.

म्हणून सांगतो, दाखवलं पाहिजे. आधी आपापल्या मुलाबाळांना तरी.

अंगणातली_चिमणी

काका, तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला घरी. मोठा आता सोळाचा आहे, त्याला सोनेगावचं हे काहीच माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. उद्या वर्गात सांगते, नकाशावर चार शहरं आणि मधात नागपूर काढून. काका अजून लिहा ना, प्लीज.

पॉलीटेक्निकवाले_सर

मी मेकॅनिकल शिकवतो, एक अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. तीन वर्षांपूर्वी मिहानमधल्या एका युनिटची इंडस्ट्रियल व्हिजिट ठरली होती, 42 पोरं, त्यातली निम्मी उमरेड, भिवापूर, कुही अशा ठिकाणची, पहाटे उठून आलेली. गेटवर गेलो तर सांगितलं परवानगी रद्द, वरून आदेश आहे. दोन तास उन्हात उभे होतो. एकदोन पोरी इस्त्रीचे कडक युनिफॉर्म घालून आलेल्या, त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. परत येताना बसमध्ये कोणीच गाणी म्हटली नाहीत.

मी कंपनीची बाजूही समजून घेतो. एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, कस्टम्सचे नियम आहेत, ग्राहकाच्या डिझाईनची गुप्तता आहे, धूळ चालत नाही. पण हे सगळं एव्हरेटलाही आहे ना, तुलूजलाही आहे. तरी त्यांनी वरून गॅलरी काढली आणि कॅमेरे लॉकरमध्ये ठेवायला लावले. म्हणजे बांधतानाच तो विचार केला तर होते. नंतर जागा काढू म्हटलं तर होत नाही.

थर_पंचेचाळीस

मी कंपोझिटमध्ये, म्हणजे कार्बनचं कापड आणि रेझिन (चिकट राळ) मिळून बनणाऱ्या भागांचं, काम करते (नागपुरात नाही, पुण्यात), चिमणीताईंच्या भावाच्या कारखान्याचं मला काही माहीत नाही, या कामाचं जनरल सांगते कारण ते लोकांना दिसत नाही म्हणून कळतही नाही.

कार्बनचं कापड बरेचदा रेझिन लावूनच येतं, त्याला प्रीप्रेग म्हणतात. ते फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवावं लागतं. बाहेर काढलं की त्याचं घड्याळ सुरू, किती तास बाहेर होतं त्याची नोंद ठेवायची, वेळ संपली की महागडं कापड सरळ बाद. मग स्वच्छ खोलीत एकावर एक थर घालायचे, एक सरळ, एक 45 अंशांत, एक आडवा, कारण या कापडाची ताकद धाग्याच्या दिशेनंच असते. एक थर चुकीच्या कोनात गेला तर वरून पाहून कोणाला कळणार नाही, पण तो भाग गेला कामातून. मग व्हॅक्यूम बॅग (पिशवीत घालून हवा काढून घ्यायची), मग ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या भट्टीत दाबाखाली साधारण 180 अंशांपर्यंत भाजायचं. शेवटी अल्ट्रासाऊंड, हो, पोटाची सोनोग्राफी असते तीच कल्पना, आत कुठे हवेची पोकळी राहिली का ते पाहायला.

आणि 787 ला बीम ॲल्युमिनियमचे का नाहीत? एक तर वजन. दुसरं म्हणजे त्या विमानाच्या वजनातला निम्मा भाग कंपोझिट आहे, बॉडीसुद्धा कार्बनचीच. कार्बनला ॲल्युमिनियम चिकटून बसलं आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. म्हणूनच त्या विमानात टायटॅनियमही भरपूर वापरलंय.

पहिल्या वर्षी माझी आई विचारायची, तू नक्की करतेस काय गं? मी म्हणायची कापड लावते. तिला वाटायचं टेलरिंग. एकदा कंपनीत फॅमिली डे होता तेव्हा आई आली, काचेच्या पलीकडून तिनं मला टोपी-गाऊनमध्ये थर लावताना पाहिलं, हात किती हळू चालवते ते पाहिलं. त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न विचारला नाही. ती शेजारणींना आता स्वतःच समजावून सांगते, 45 अंशांसकट.

फुटाळ्याचा_वारा

एव्हरेटला जायचं असणाऱ्यांसाठी थोडं अपडेट. ताईंनी पाहिलं ते सगळं आता तसंच नाही. कोविडमध्ये टूर बंद झाली होती, ऑक्टोबर 2023 ला परत चालू झाली. मी 2024 च्या जूनमध्ये गेलो. 787 ची जुळणी 2021 पासून तिथून साऊथ कॅरोलायनाला हलवली आहे आणि 747 तर संपलंच, शेवटचं डिसेंबर 2022 ला कारखान्यातून बाहेर आलं, एकूण 1574 बनली. आता मुख्य आकर्षण 777. बाहेर 777 ची नवी आवृत्ती 777एक्स उभी होती, तिच्या पंखांची टोकं घडी घालून वर केलेली, उघडली की पंख जवळजवळ 72 मीटर, मिटली की 65 च्या आत, म्हणजे आहे त्याच विमानतळांवर मावते. तिकीट ऑनलाईन आधी काढा आणि उंचीचे, बॅगचे नियम साईटवर ताजे पाहून घ्या.

अवांतर: कारखाना आणि धावपट्टी यांच्या मधून हायवे जातो, विमानं त्यावरच्या पुलावरून नेतात, आणि गाडी चालवणाऱ्यांचं लक्ष उडू नये म्हणून रात्री नेतात असं आम्हाला सांगितलं. मी रात्री मुद्दाम गाडी घेऊन थांबलो होतो. बारा वाजेपर्यंत काही आलं नाही.

वर्धा_रोड

थर_पंचेचाळीस ताई, सोनोग्राफीचं उदाहरण फार आवडलं.

सर, तुमच्या त्या पोरींचं वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे मोतीबागेला नॅरोगेजचं म्युझियम आहे ना, 2002 पासून, माझा मुलगा तिथल्या इंजिनावर चढून आला आणि आठ दिवस वाफेवर बोलत होता. रमण सायन्स सेंटर आहे. विमानाचं पण एखादं दालन करायला काय हरकत आहे? एक खराब झालेला बीम, एक जुनं चाक, रडरचा एक तुकडा. डसॉल्ट या फ्रेंच कंपनीचं फाल्कन हे छोटं जेट विमानसुद्धा मिहानमध्ये बनणार म्हणून 2025 मध्ये जाहीर झालंय. म्हणजे सर म्हणतात तसं गॅलरीचं बोलायचं तर हीच वेळ आहे. मी सहकार्य करायला तयार आहे, निवेदन वगैरे लिहायचं असेल तर मी लिहितो.

पॉलीटेक्निकवाले_सर

निवेदन लिहूच, मी सही करतो आणि सह्या गोळाही करतो. पण तोपर्यंत काय? चिमणीताई, तुमचे बंधू आमच्या मुलांशी बोलतील का? कंपनीचं गुपित काही नको. फक्त हे काम म्हणजे काय आणि आयटीआय-डिप्लोमाच्या पोराला त्यात कसं जाता येतं, एवढंच.

अंगणातली_चिमणी

सर, काल भावाशी बोलली. तो आधी नाही म्हणाला, मला बोलता येत नाही म्हणे. मग मी त्याला हा सगळा धागा वाचायला दिला आणि तो डाकोटा काकांच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबला. आमचे वडीलही रात्रपाळीला जायचे, मिलमध्ये, आणि आम्ही कधी मिल आतून पाहिली नाही. नंतर ती बंदच झाली.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही सिएटलहून परत आलो त्या रविवारी पोरानं मामाला म्हटलं, तुझा बीम तिथे दिसला नाही, तू दाखव. मामानं काही न बोलता खडू घेतला आणि अंगणात विमान काढायला सुरुवात केली, आडवं कापल्यासारखं, खऱ्या मापाचं. 787 ची बॉडी रुंदीला 5.77 मीटर, जवळजवळ एकोणीस फूट. आमचं अंगण पंधरा फुटांचं. मग गेट उघडून गोल बाहेर गल्लीच्या सिमेंट रोडवर गेला, समोरच्या काकूंनी त्यांची स्कूटी बाजूला घेतली. त्यात त्यानं बीम काढला, आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाली दोन खांबाच्या रेघा. वर नऊ खुर्च्या, तीन-तीन-तीन. धाकटी, जिला एव्हरेटला आत सोडलं नव्हतं, ती पळत जाऊन खिडकीच्या खुर्चीत बसली. मग गल्लीतली पोरं आली आणि नऊही खुर्च्या भरल्या. भाऊ बीमच्या रेघेवर उभा राहून एकेकाला सांगत होता, तू बसला ना, तुझं वजन असं इकडून असं जाते.

तर तो हो म्हणाला आहे. कॉलेजात यायला नको म्हणतो, पोरांना इकडेच आणा. मानेवाड्याला, पुढच्या रविवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. पत्ता व्यनि करते. 42 जणांना गल्ली पुरेल, काकूंना स्कूटीचं सांगून ठेवलं आहे. डाकोटा काका, तुम्हाला घ्यायला माझा मोठा येईल, फक्त कुठून घ्यायचं तेवढं कळवा.

डाकोटा_काका

साडेसातला तयार राहीन. वडिलांचा एक जुना फोटो आहे, थैल्यांसोबतचा, तो आणतो.